अर्ध्या चेहऱ्याने कोणी उठत नाही

७ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस. पायांचे तुकडे पडलेत. बसायला एक स्टूल आहे, पण ते गिऱ्हाइकासाठी. आपण जरा टेकलो की सर लांबून चुटकी वाजवतात.

मॉलच्या पहिल्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी आमचा स्टॉल. भिंती नाहीत की दार नाही, चारी बाजूंनी काच आणि दिवे. जिन्यावरून जो उतरेल तो आमच्या अंगावरच येतो. क्रीम, सीरम, चेहरा उजळायचं जेल, सगळं सोनेरी डब्यांत. डबा मोठा, आत माल एवढासा.

माझ्यासोबत एक बावीस वर्षांची मुलगी आहे. बुटकी पण तिखट, म्हणून सगळा मॉल तिला लवंगी म्हणतो. आल्या आल्या मला काकू म्हणाली. मी म्हटलं, काकू असेल तुझी तुझ्या घरी. तर हसून म्हणते, "बरं काकू."

सर तीन महिने बघणार आणि जमलं तर पक्की करणार. पक्की झाले की वसतिगृहातली ही खाट सोडायची, स्वयंपाकघर असलेली एक खोली घ्यायची आणि खारूला घेऊन यायचं. दीड वर्ष माझी लेक ताईकडे राहतेय. ताई काही वाईट नाही, सख्खी मोठी बहीण आहे, पोटच्या पोरीसारखं करते तिचं. पण पोटची ती माझ्या आहे ना? चौदा वर्षांची मुलगी आईजवळ नको? शाळेचं नवीन वर्ष तिने माझ्या घरातून सुरू करायचं, एवढं मी ठरवलंय. तीन महिने काय, दात-ओठ खाऊन काढीन.

तिच्या बापाचा विषय या वहीत काढायचा नाही. वही नवी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

सरांनी आज मॉल उघडायच्या आधी शिकवणी घेतली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

आधी हात धरायचा. "एक मिनिट मॅडम" म्हणत मनगटावर क्रीमचा ठिपका ठेवायचा, तो पुसायला ती थांबतेच. हात सुटला की गिऱ्हाईक सुटलं. मग कौतुक करायचं आणि कौतुकाच्या पाठोपाठ खोट काढायची. "डोळे किती बोलके तुमचे! आणि खाली हे काळं कधीपासून?" ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकतं असा प्रश्न तोंडातून काढायचाच नाही. 'घेणार का' म्हटलं की मेलात. 'छोटा डबा देऊ की मोठा' विचारायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा करायचा तो अर्धाच. एकच बाजू. मग आरसा पुढे धरायचा आणि गप्प राहायचं. "अर्ध्या चेहऱ्याने कोणी उठत नाही," सर म्हणाले.

"माझ्या आयुष्यातून तिघं उठलेत अर्ध्यावर," लवंगी पुटपुटली. मला असं हसू फुटलं की सरांनी शिकवणी परत पहिल्यापासून घेतली.

किंमत कमी करायची तर सरांची परवानगी लागते. सर वरच्या मजल्यावर कॉफी पीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांना फोन करायचा. लवंगीने नंतर सांगितलं की फोन लावायचाच नसतो. नुसता कानाला धरायचा, "सर प्लीज, या अगदी घरच्यासारख्या आहेत" म्हणायचं, जरा कळवळायचं आणि मग हसून मान हलवायची. तिने करून दाखवलं. मला खरंच वाटलं की पलीकडून कोणी बोलतंय.

११ जानेवारी, शनिवार

विकलं! मोठा सेट. माझा पहिला.

जेलची जादू आहे सगळी. हातावर थेंबभर घ्यायचं, बोटाने गोल गोल चोळायचं, की पांढऱ्या अळ्या सुटायला लागतात. ती मेलेली कातडी. एवढी मेलेली कातडी अंगावर घेऊन आपण जगत असतो! त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "रोज आंघोळ करते हो मी," म्हणाली बिचारी. मी म्हटलं, आंघोळीने नाही जात मॅडम हे. मग पुढचं सगळं आपोआपच झालं.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, आई म्हणायची. मला मेलीला आयुष्यभर 'फार बोलतेस' म्हणून बोलणी बसली, सासरी काय, माहेरी काय. आज त्याच तोंडाने कमावलं.

१५ जानेवारी, बुधवार

बुधवारी मला सुट्टी, म्हणून दुपारी ताईकडे. खारू शाळेतून आली आणि दप्तर न टाकताच विचारलं, "काय काय विकलंस?" मी येताना टेस्टरची एक ट्यूब आणली होती. आधी हातावर करून दाखवलं, तर अळ्या बघून किंचाळली, मग हसत सुटली, मग मावशीचा हात ओढून आणला. ताई म्हणाली, माझ्या हाताला भांडी घासायच्या साबणाची सवय आहे, त्याला लाड नकोत. 

मग खारूला खिडकीपाशी बसवून तिचा डावा गाल केला. जवळून बघितल्यावर दिसलं, पोरीची कातडी दुर्लक्ष झाल्यासारखी झालीय. नाकाच्या बाजूला छिद्रं, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या. तिला दाखवलं. तिने आरसा घेऊन बराच वेळ बघितलं. तिला माहीतच नव्हतं. आईने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

"आता ही बाजू," तिने उजवा गाल पुढे केला. आणि मला असं सुचलं म्हणून सांगू! मी ट्यूबला झाकण लावलं. म्हटलं, "ती बाजू तू माझ्याकडे राहायला आलीस की. तोवर डावीकडे तू रोज लाव. उजवीला हात लावायचा नाही, ती माझी."

"असं काय गं आई!" म्हणून किती वेळ मागे लागली होती. हसत होती. निघताना जिन्यापर्यंत आली आणि परत म्हणाली, "नक्की ना? उजवी तू करणार?" 

सर उगाच नाहीत सर झाले.

२२ जानेवारी, बुधवार

खोलीचा विषय काढला. 'येशील का' विचारलंच नाही. म्हटलं, "तुला खाट खिडकीजवळ हवी की भिंतीजवळ?" ती गोंधळली, मग म्हणाली, "खिडकीजवळ." मग विचारलं, पडदे निळे की पिवळे? "निळे." झालं की! इतकी वर्षं मी सगळ्यांना सरळ विचारत बसले आणि नकार ऐकत बसले. आधी कोणी शिकवलं असतं तर संसार वेगळा झाला असता.

ताई सोडायला खाली आली होती. म्हणाली, "अगं, तिला हवंय का यायला, ते विचारलंस?" म्हटलं, पडद्याचा रंगसुद्धा ठरला. ताई आपली परत वर गेली. तिचंही मला कळतं. दीड वर्षात जीव लागला असणार. पण जीव लागला म्हणून मुलगी ठेवून घेता येत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज एक बाई आली, नीट इस्त्रीचे कपडे, हातात कागदांची फाइल. नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती, याच मॉलच्या वरच्या ऑफिसात. अर्धा तास हाताशी होता म्हणून दुकानं बघत होती. मी हात धरला. डोळ्यांखालचं काळं दाखवलं. तिने पटकन बोटांनी झाकलं ते. बसली. एक बाजू केली, आरसा धरला, गप्प राहिले.

"दुसरी करा ना लवकर," ती म्हणाली. "मला वर जायचंय."

मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला लावायचं तर डबा उघडावा लागेल, टेस्टर संपला. टेस्टर संपला नव्हता. माझ्याच हातात, टिशूखाली होता. तिने घड्याळ बघितलं, आरसा बघितला, घड्याळ बघितलं. मग पर्स उघडली.

सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. लवंगी काच पुसत राहिली.

नोकरी मिळाली असेल का तिला? मिळाली असेल. चेहरा छान दिसत होता. मी काय कोणाच्या मानेवर सुरी ठेवली होती का? पण घरी आल्यापासून वसतिगृहाच्या जिन्यावरून चार वेळा उगाच खाली-वर करून आले. खोलीतली एक बाई विचारत होती, काही हरवलंय का तुमचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खारूने केस एका बाजूला सोडलेत, डावा डोळा अर्धा झाकतो. म्हणाली, सगळ्या मुली करतात. शोभतं तिला. आल्यापासून दोनदा तोंड धुऊन आली. ताईला म्हटलं, बघ, स्वच्छतेची सवय लागली. ताईने कढई अशी आपटली की मी आपली गप्प बसले.

नंतर खारूने हळूच विचारलं, "आई, माझ्या हनुवटीला काही झालंय का? म्हणजे, आकारच तसा आहे का?" मला इतकं कौतुक वाटलं! महिन्याभरात पोरीची नजर तयार झाली. मी सांगितलं, हनुवटी तुझ्या आजीवर गेलीय, त्याला इलाज नाही, पण सीरमने जरा उठाव येतो. तिने मान हलवली. समजूतदार आहे. दुसरी असती तर रडली असती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्टॉलवर ताईचा फोन. दुपारचीच गर्दी. आज शाळेत वर्गाचा फोटो होता आणि खारू फोटोच्या वेळी बाथरूममध्ये कडी लावून बसली. बाईंनी ताईला बोलावून घेतलं. ताई विचारत होती, "तू तिला काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार?"

"काहीतरी सांगितलंयस. पोर आरशासमोरून हलत नाही. काल मला म्हणते, मावशी, मी लांबून कशी दिसते आणि जवळून कशी दिसते?"

मी म्हटलं, या वयात होतंच. आपल्याला नव्हतं होत? ताई म्हणाली, "आपल्याला आरसाच एक होता, तोही बाबांच्या दाढीचा." मग मीही बोलले. म्हटलं, ती माझ्याकडे येणार म्हणून तुला आता सगळीकडे माझीच चूक दिसायला लागलीय. ताईने फोन ठेवला.

बोलायला नको होतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. तिला ठेवूनच घ्यायचंय खारूला. असणारच.

३ मार्च, सोमवार

सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. मी लवंगीला म्हटलं, परवाच्या बाईच्या हातून किती मेलेली कातडी निघाली बघितलंस? ती माझ्याकडे बघत राहिली. मग जेलचा एक थेंब तिने काउंटरच्या काचेवर टाकला आणि बोटाने चोळला. गोल गोल. पांढऱ्या अळ्या सुटल्या. हातावर सुटतात तशाच. 

"काचेची कातडी मेली काकू," ती म्हणाली.

मी परत करून बघितलं. मग स्टीलच्या खांबावर आणि शेवटी माझ्या बुटाच्या टाचेवरही. सगळीकडून अळ्या.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं. मला वाटलं तुम्हालाही आहे. तुम्ही इतकं मनापासून सांगता!"

दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन गिऱ्हाइकं सुटली. मग स्वतःला समजावलं, जेलचा गोळा होत असेल, होवो, पण मळ तर निघतो ना त्यासोबत? चोळलं की स्वच्छ होणारच. आणि आता महिनाच राहिलाय. महिन्यासाठी कुठे नवं शोधू? एक महिना, मग खोली.

खारूला सांगायचं का? लावू दे. साबणापेक्षा बरंच असेल.

१२ मार्च, बुधवार

खोली बघून आले! तिसरा मजला, एक खिडकी, ओटा छोटा पण स्वतःचा. मालकीणबाई फार चौकस, पण मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोलत राहिले, तर मी पक्की होईपर्यंत थांबायला तयार झाल्या.

तिथून ताईकडे. ताई कामापुरतं बोलते. खारू अभ्यास करत होती, पाठ माझ्याकडे. मी खोलीचं सगळं सांगितलं, खिडकीतून झाड दिसतं तेही. तिने वही मिटली आणि विचारलं, "आज उजवी करतेस?"

"अजून थोडे दिवस. तीन आठवडे."

"आज कर ना आई. प्लीज. दोन्ही बाजू सारख्या कर."

मला हसू आलं. इतकी ओढ! म्हटलं, वेडाबाई, तीन आठवडे काय, असे जातील. तिने केस पुढे ओढले आणि परत पाठ केली. जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण शेवटची बस होती त्या बाजूची. उद्या सकाळी सरांनी लवकर बोलावलंय.

२८ मार्च, शुक्रवार

सर म्हणाले, शनिवारी पाच तारखेला एका दिवसात तीन मोठे सेट विका, सोमवारी पत्र हातात. दोन झाले तर? "दोन झाले तर बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं.

या बुधवारी ताईकडे जाणं झालं नाही, जादा दिवस भरला. पुढच्याही बुधवारी नाही होणार. फोनवर खारू हो आणि हं एवढंच म्हणते. परीक्षा चालू आहे.

६ एप्रिल, रविवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आत्ता दुपारच्या पाळीला जायच्या आधी लिहितेय. जसं झालं तसं लिहीन, नाहीतर या वहीचा उपयोग काय?

संध्याकाळी पाचपर्यंत दोन सेट गेले होते. तिसरी बाई स्टुलावर होती, एक गाल झालेला, पण ती काही बधेना. "फरक म्हणावा तसा दिसत नाही हो," तिचं पालुपद. फोन कानाला लावून झाला, कळवळून झालं. सर वरून उतरून कठड्यापाशी येऊन उभे.

तेवढ्यात जिन्यावरून ताई आणि खारू उतरताना दिसल्या. परीक्षा संपली होती. खारूनेच हट्ट केला असणार की आईकडे जाऊ. मी हातानेच थांबा म्हटलं. त्या खांबापाशी थांबल्या. किती वेळ ते माहीत नाही. लवंगी म्हणते वीस मिनिटं.

बाई उठायला लागली. खरंच उठायला लागली. आणि मी खारूला हाक मारली. "इकडे ये गं जरा." ती आली. मी तिचा दंड धरला, बाईला म्हटलं, "ही माझी मुलगी. घरातच वापरतो आम्ही. एक बाजू केलेली, एक न केलेली, तुम्हीच बघा." आणि तिचे केस बाजूला केले.

डावा गाल लाल होता. भाजल्यासारखा. कानापासून हनुवटीपर्यंत सोललेला, मधे मधे चकाकणारा. उजवा तिचा नेहमीचा, गोरा नाही की काळा नाही, नितळ.

मी एक क्षणही थांबले नाही. हे मला लिहायचंय. एक क्षण थांबले असते तर आज वेगळं लिहिलं असतं. मी म्हणाले, "ही लाल बाजू बघा. ही न केलेली. आणि ही उजवी, आमच्या जेलची." 

बाई वाकून बघत राहिली. "बाई गं," म्हणाली. "किती फरक!" तिने तिसरा सेट घेतला.

खारू हलली नाही. माझ्याकडे बघत होती. मी पावती करत होते. डबे पिशवीत घालून वर बघितलं तर ताई तिला खांद्याला धरून जिन्याकडे नेत होती. ताईने एकदा वळून पाहिलं. सख्ख्या बहिणीने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, मी लग्न मोडून आले तेव्हाही नाही.

सर म्हणाले, "कमाल आहे तुमची. सोमवारी या, पत्र तयार ठेवतो."

मी नीच आहे. लिहून टाकलं.

८ एप्रिल, मंगळवार

पत्र मिळालं. पिशवीत आहे. 

ताईने फोन उचलला. खारूला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ते म्हणाले, कातडी रोज घासून घासून सोलली गेलीय. आता साध्या पाण्याशिवाय काही लावायचं नाही, भरून येईल, वेळ लागेल. डाग राहील का, विचारलं. आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

"कधीपासून होतं गं हे?" मी विचारलं.

"महिना झाला असेल. आधी गुलाबी, मग लाल. मी थांबवलं तर चोरून लावायची. तू बारा मार्चला आलीस तेव्हा होतं की. तुला दिसलं नाही?"

मी दिवसाला शंभर चेहरे बघते.

"ती एकाच बाजूला का लावायची, ते मला काल कळलं," ताई म्हणाली. "उजवीला हात लावायचा नाही असं तू सांगितलं होतंस म्हणे. मी म्हटलं, अगं, मग सोडून द्यायचं दोन्ही. तर म्हणते, डावी नीट ठेवली नाही तर आई उजवी करणार नाही."

९ एप्रिल, बुधवार

गेले होते. खारूने आतून कडी लावली होती. मी दाराशी बसून बोलत राहिले, तासभर तरी. खोली, खिडकी, निळे पडदे. चूक झाली म्हटलं. पुढच्या वाक्याला म्हटलं, "नवीन डॉक्टर बघूया, उद्या जायचं की परवा?" ते तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. 

आतून आवाज आला, "मावशी, हिला जायला सांग ना."

ताईने चहा केला. आम्ही दोघी प्यायलो. तिने खारूला ठेवून घ्यायचं ठरवलंय असं मी फेब्रुवारीत लिहिलंय. मागे जाऊन खोडणार होते. राहू दे, मीच लिहिलंय.

१३ एप्रिल, रविवार

स्टॉलवर जातेय. पोट आहे, खाटेचं भाडं आहे. शाळकरी मुली जिन्यावरून उतरल्या की मी खाली वाकून डबे लावत बसते. लवंगी त्यांच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहते. सर विचारत होते, पक्की झाल्यावर पाय मोडले का? मालकीणबाईंचा फोन आला, खोली घेताय ना? मी दोन दिवस मागितले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसून ताईला फोन केला. ताई म्हणाली, थांब, देते. मला वाटलं नव्हतं की ती घेईल. नुसता श्वास ऐकू येत होता.

काय काय ठरवलं होतं बोलायचं. सगळं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "खारू, तुला माझ्याकडे राहायला यायचंय का?"

असं मी तिला आजवर विचारलंच नव्हतं. 

"नाही," ती म्हणाली.

इतकं सरळ. जणू कधीपासून कोणी विचारण्याची ती वाट बघत होती. इतके दिवस जो शब्द येऊ नये म्हणून मी धडपडले तो आला, आणि तो आल्यावर काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. मी "बरं" म्हणाले.

फोन चालूच होता. मग विचारलं, "बुधवारी येऊ का भेटायला?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मी मधे बोलले नाही.

"ये," म्हणाली. "पण माझ्या तोंडाकडे बघायचं नाही."

१६ एप्रिल, बुधवार

रिकाम्या हाताने गेले. मालकीणबाईंना सकाळीच 'खोली नको' असं कळवलं होतं.

ताईने दोरीवरचे वाळलेले कपडे काढून चटईवर ढीग टाकला होता. खारू माझ्यासमोर येऊन बसली आणि आम्ही घड्या घालायला लागलो. मी कपड्यांकडे बघत होते. तिचे हात दिसत होते, नखं खाल्लेली. मला माहीतच नव्हतं की ती नखं खाते.

आधी ती काही बोलेना. मग बोलायला लागली ती थांबेचना. वर्गातल्या एका मुलीशी भांडण झालंय. विज्ञानाचे सर नाकात बोलतात, त्यांची नक्कल केली, ती हुबेहूब जमते तिला. पुढच्या वर्षी तिला बास्केटबॉल घ्यायचाय, पण उंची पुरेल का, म्हणून काळजी. मी म्हणणार होते, उंचीला उपाय... तोंड मिटलं. "मग घे की," एवढंच म्हटलं. तिचा आवाज जरा जाडसर झालाय, शब्दाच्या शेवटी घोगरा होतो. कधी झाला कोण जाणे. दोन तास मी तो ऐकत होते. भाऊजींच्या शर्टाची घडी मी तीनदा चुकवली तेव्हा ती हसली, आणि मान वर करायची इतकी ओढ लागली की मी शर्टाची कॉलर मुठीत धरून बसले.

निघताना ती दारापर्यंत आली. तिचे पाय दिसले, माझ्याच जुन्या चपला घातलेल्या. "पुढच्या बुधवारी?" तिनेच विचारलं. मी हो म्हटलं.

खाली ताईने विचारलं, "बघितलंस? आता कसं वाटतंय, बरं होतंय ना?"

गाल भरून येतोय की नाही, डाग राहणार की जाणार, मला काही सांगता येत नाही. मी बघितलं नाही.